पहिल्या वर्षी टोपलीभर टोमॅटो, दुसऱ्या वर्षी नुसता पाला: नेमकं कुठे बिनसतं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: गच्चीवरच्या कुंड्यांत पहिल्या वर्षी टोमॅटो भरपूर आले. दुसऱ्या वर्षी त्याच कुंड्या, त्याच फळांमधून काढून ठेवलेलं बी, आधीपेक्षा जास्त लक्ष, दर आठवड्याला पातळ खत. झाडं कमरेच्या वर गेली, पण फुलं गळाली, आणि जी दहा-बारा फळं धरली त्यांचे तळ काळे पडले. काकडीचा वेल फुलांनी भरला, पण काकडी एकही नाही. लिंबाचं झाड तीन वर्षं नुसतं हिरवंगार उभं आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "माझ्या हाताला गुणच नाही का? सोडून देऊ का?"

सोडू नका. मी गेली २२ वर्षं घरी भाज्या आणि फळं लावतोय आणि ओळखीपाळखीच्या बऱ्याच बागा सुरू होताना, बसताना आणि पुन्हा उभ्या राहताना पाहिल्या आहेत. दुसऱ्या वर्षीची पडझड जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येते. पहिलं वर्ष उदार असतं: माती ताजी असते, किडींना तुमच्या गच्चीचा पत्ता लागलेला नसतो, आणि नवखेपणामुळे आपण खत जरा बिचकतच घालतो. दुसऱ्या वर्षी या तिन्ही गोष्टी उलटतात. त्यात तुमच्या हाताचा दोष फार थोडा आहे.

एक अडचण मात्र आधी सांगतो. तुम्ही चार वेगवेगळ्या तक्रारी एकत्र बांधल्या आहेत आणि त्यांवर एकच औषध शोधताय. या चारही तक्रारींची कारणं वेगळी आहेत. म्हणून एकेक सोडवू.

सुरुवात मातीपासून करतो, कारण माझ्या अनुभवात दुसऱ्या वर्षाचं निम्मं दुखणं तिथेच असतं. कुंडीतलं नवं मिश्रण भुसभुशीत असतं. त्यातल्या कंपोस्टने, पालापाचोळ्याने, कोकोपीटने (नारळाच्या काथ्याच्या भुशाने) मातीच्या कणांमध्ये जागा करून ठेवलेली असते. त्या जागेत हवा खेळते, आणि मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. वर्षभरात हा सेंद्रिय भाग कुजून जातो. काठापर्यंत भरलेली कुंडी वर्षाअखेर चार बोटं खाली बसलेली दिसते ती यामुळेच. मागे उरते बारीक माती, आणि रोजच्या पाण्याने ती दाबत जाते. असा गोळा एकदा पूर्ण वाळला की आक्रसतो आणि कुंडीपासून सुटतो. मग वरून घातलेलं पाणी कडेकडेने सरळ खाली जातं. भोकातून पाणी आलं म्हणून आपण निश्चिंत होतो आणि आतली मुळं तहानलेली राहतात.

माझी दुसऱ्या वर्षीची एक कुंडी अजून डोळ्यांसमोर आहे. हंगाम संपल्यावर मी ती आडवी केली, बाजूंनी थोपटली, आणि माती कुंडीच्याच आकाराचा ठोकळा होऊन बाहेर आली. बाहेरून मुळांचं गोल गोल फिरलेलं जाळं. तळाशी तीन बोटं काळपट चिखल, त्याला आंबूस वास. सुरीने ठोकळा मधोमध कापला तर आतली मूठभर माती भाजल्यासारखी कोरडी. वर्षभर रोज पाणी घातलेल्या कुंडीत! त्या दिवसापासून दर हंगामानंतर कुंडी उपडी केल्याशिवाय मी तिच्यात नवं रोप लावलेलं नाही.

त्याच कुंडीच्या तळाशी मी निचऱ्यासाठी खडीचा जाड थर दिला होता. हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी ती तुडुंब भिजल्याशिवाय खालच्या जाड खडीत उतरत नाही. त्यामुळे खडीने चिखल कमी होत नाही, तो खडीच्या वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर जाळीचा किंवा खापराचा एक तुकडा ठेवा, तेवढं पुरे.

तर तुमच्या कुंड्या रिकाम्या करा. ढेकळं फोडा, जुनी मुळं वेचून काढा. तीन भाग जुन्या मातीत निदान एक भाग चांगलं मुरलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत मिसळा, शिवाय माती मोकळी राहावी म्हणून थोडं जाडसर काहीतरी. मुरलेलं म्हणजे हातात घेतल्यावर मातीचा वास येणारं आणि मूळ वस्तू ओळखू न येणारं. अर्धवट कुजलेलं खत कुंडीत कुजत राहतं आणि त्या कामासाठी मातीतलं नत्र (नायट्रोजन) ओढून घेतं. ताजं शेण तर मुळंच जाळतं. मागच्या वर्षी झाडं मर लागून, म्हणजे मातीतल्या रोगाने कोमेजून, गेली असतील, तर ती माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली कडक उन्हात चार ते सहा आठवडे झाकून ठेवा, उष्णतेने बरेचसे रोगजंतू जातात. आणि त्या कुंड्यांत यंदा टोमॅटो लावू नका. मिरची, वांगी, बटाटा हे सगळे टोमॅटोचेच भाऊबंद, त्यांचे रोगही बरेचसे सामाईक. एक फेर घेवडा, मुळा किंवा पालेभाजीचा होऊ द्या.

आता बी. पहिल्या वर्षीचं रोप संकरित वाणाचं, म्हणजे दोन वेगळे वाण एकत्र करून तयार केलेल्या बियाण्याचं, होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळतं, म्हणून सरळ वाणाचं बी धरलं तर पुढची पिढी साधारण तशीच येते. संकरित वाणाच्या फळातलं बी लावलं की मात्र गुण फाटतात: एक रोप आजीवर, एक आजोबांवर, एक कोणावरच नाही. फळधारणा, रोगप्रतिकार, फळाचा आकार, सगळ्यातच फरक पडतो. तुमच्या झाडांमध्ये एकमेकांशी न जुळणारी पानं आणि उंची दिसत असेल तर हेच झालं असावं. बी धरायचं तर सरळ वाणाचंच धरा.

फुलगळीची दोन कारणं मी आधी तपासतो: उष्णता आणि नत्र. टोमॅटोच्या फुलाच्या देठावर मध्येच एक गाठ असते, बोटाच्या पेरासारखी. गळायच्या आधी त्या गाठीपासून फुलापर्यंतचा भाग पिवळा पडतो आणि फूल तिथेच तुटतं. अशी पिवळी गाठ दिसली की समजायचं, झाडाने ते फूल सोडून दिलंय. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या आसपास जाऊ लागलं आणि रात्रही २४-२५ च्या खाली येईना, की परागकण निकामी होऊ लागतात. मग कुठलाही फवारा फळ धरवू शकत नाही. तुम्ही पहिल्या वर्षी बी कधी टाकलं होतं आणि दुसऱ्या वर्षी कधी? तीन-चार आठवड्यांचा उशीर झाला असेल तर सगळा बहर नेमका उष्णतेत सापडला असणार. याला उपाय एकच, पेरणी लवकर करणं. रोप लावल्यापासून पहिलं फळ पिकायला साधारण ६० ते ८० दिवस लागतात आणि त्याआधी बी टाकून रोप तयार व्हायला महिनाभर. हे दिवस उलटे मोजून तारीख ठरवा.

दुसरं कारण तुमच्या प्रश्नातच लिहिलेलं आहे: "दर आठवड्याला पातळ खत". बहुतेक घरगुती पातळ खतांत नत्राचा भाग मोठा असतो. नत्र भरपूर मिळालं की झाड पानंच वाढवतं, त्याला फुलण्याची घाई राहत नाही. खोड अंगठ्याएवढं जाड, पानं गडद हिरवी, शेंड्याकडची पानं आत वळलेली, ही त्याची खूण. तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं. पहिलं फूल दिसेपर्यंत कंपोस्टवरच भागवा. त्यानंतर पंधरा दिवसांतून एकदा, पालाश (पोटॅश) जास्त असलेलं खत, तेही मोजून. लाकडाची राख पालाश देते, पण ती माती अल्कधर्मी करते. म्हणून कुंडीला महिन्यातून चमचाभर पुरे, आणि लिंबाच्या कुंडीत ती अजिबात नको. झाड हिरवंगार दिसलं की आपल्याला आनंद होतो, म्हणून ही चूक सगळ्यात प्रेमाने होते. मीही ती सलग दोन हंगाम केली आहे.

काळे तळ हा रोग नाही आणि कीडही नाही. फळाच्या खालच्या टोकाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून तिथलं मांस बसतं, तपकिरी होतं आणि मग चामड्यासारखं काळं पडतं. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, पण ते झाडात फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढतं. पानं भरपूर बाष्प सोडतात म्हणून प्रवाह त्यांच्याकडे जातो, फळाकडे थोडाच येतो. कुंडी एक दिवस कोरडी आणि एक दिवस तुडुंब अशी राहिली, किंवा नत्राने पानं बेसुमार वाढली, की फळ उपाशी राहतं. वर सांगितलेला दाबलेला ठोकळा आठवा, तुमचं पाणी नियमित असूनही मुळांपर्यंत ते नियमित पोचत नव्हतं. अंड्याची टरफलं कुटून घालायला सांगतील. ती विरघळायला फार काळ लागतो, त्या हंगामातल्या फळांना त्यांचा उपयोग होत नाही. एप्सम सॉल्ट तर घालूच नका, त्यातलं मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत येतं. काळी पडलेली फळं काढून टाका, मातीवर तीन-चार बोटं वाळक्या पानांचं आच्छादन द्या आणि वाफसा टिकवा. वाफसा म्हणजे मातीचा गोळा हातात वळतो पण पाणी सुटत नाही, बोटाने ढकलला की फुटतो. पुढचे घोस बहुधा निरोगी येतात.

पाणी किती घालायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याला आकड्यात उत्तर नाही. कुंडीचा आकार, वारा, ऊन, झाडाचं वय, सगळं मोजावं लागतं. मी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालतो. तिथे ओल लागली तर पाणी नाही, कोरडं लागलं तर तळातून निथळेपर्यंत, तेही दोन टप्प्यांत, मध्ये दहा मिनिटं थांबून. दुपारी मान टाकलेलं झाड संध्याकाळी आपोआप सावरलं तर ते तहानेलं नव्हतं. सकाळीही मलूल असेल तर आधी बोट, मग पाणी. कारण मुळं कुजलेलं झाडही अगदी तसंच मलूल दिसतं, आणि त्याला पाणी घालणं म्हणजे उरलंसुरलं बुडवणं.

काकडीबद्दल घाबरण्यासारखं काही नाही. वेलावर आधी आठ-पंधरा दिवस नुसती नर फुलं येतात, ती गळणारच. मादी फूल ओळखायला पाकळ्यांच्या मागे पाहा: तिथे बोटाच्या टोकाएवढी बारीक काकडी असते. नर फुलामागे नुसता देठ. मादी फुलं येऊनही ती इवली काकडी पिवळी पडून सुकत असेल, तर परागीभवन झालेलं नाही. उंच गच्चीवर मधमाश्या कमी येतात, किंवा कीटकनाशकाने आपणच त्यांना दूर ठेवलेलं असतं. सकाळी लवकर, फुलं उमलल्या उमलल्या, एक ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे सोला आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. मादी फूल एकच दिवस उमलतं, म्हणून दुपारवर ढकलू नका. तीन दिवसांत इवल्या काकडीने बाक घेतला आणि ती फुगू लागली की जमलं. भोपळ्याचंही असंच. मी दर हंगामात हे करतो आणि तरीही पहिली काकडी धरलेली दिसली की हातातलं काम टाकून घरच्यांना दाखवायला हाक मारतो.

टोमॅटोला असा हात लावायची गरज नसते. फुलांचा घोस सकाळी बोटाने टिचक्या मारून हलवला की आतला पराग आपोआप पडतो.

किडींचं तुम्ही विशेष लिहिलं नाही, म्हणून थोडक्यातच. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, दिसला की पहिले दोन दिवस पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा आणि पानामागे भिंग लावून पाहा. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी दिसणारी बारीक अळी फिरत असेल तर ती ढालकिड्याची (लेडीबगची) आहे. तिला मारू नका, ती मावा खाते. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा, कारण मावा सोडतो त्या गोड चिकट्यासाठी मुंग्या माव्याची राखण करतात. कडुनिंबाचं तेल वापरायचं तर संध्याकाळी, उन्हात त्याचा गुण लवकर जातो आणि पानंही करपतात. पानं लहान, पिवळसर, चुरडून गुच्छासारखी झाली असतील तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असण्याची शक्यता मोठी, त्यावर औषध नाही. ते झाड उपटून टाकायचं. हे करताना दरवेळी जीवावर येतं, पण शेजारची चार झाडं वाचतात.

म्हणजे माझा तपासायचा क्रम असा: ऊन, मूळ, पाणी, पेरणीची तारीख, मग खत, आणि औषध सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक शेवटच्या टोकापासून सुरू करतात. उन्हाबद्दल एक राहिलं: फळभाज्यांना सहा ते आठ तास थेट ऊन लागतं, पालेभाज्या तीन-चार तासांत भागवतात. एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला कुठल्या कुंडीवर ऊन आहे ते लिहून काढा. समोरचं झाड वर्षभरात वाढलेलं असतं, सूर्याची वाटही ऋतूप्रमाणे सरकते, आणि 'भरपूर ऊन' म्हणून ज्या जागेची आपण खात्री देतो तिथे प्रत्यक्षात साडेतीन तास भरतात.

आता लिंबू. इथे मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे: ते कलम आहे की बियांपासून आलेलं रोप? कलम चांगल्या परिस्थितीत दोन-तीन वर्षांत फळतं. बियांच्या रोपाला त्याहून बरीच जास्त वर्षं लागू शकतात, कुंडीत आणखी उशीर. तसं असेल तर तुमचं झाड आजारी नाही, ते अजून वयातच आलेलं नाही. कलम असेल तर बुंध्याशी खाली बसून नीट पाहा. मातीपासून वीतभर उंचीवर जोड दिसेल, तिथे सालीचा पोत बदलतो. जोडाच्या खालून आलेली फूट, म्हणजे नवा कोंब, ही खुंटाची असते; ज्या झाडाच्या मुळांवर कलम बांधलेलं असतं तो खुंट. तिचे काटे मोठे असतात, वाढ सरळसोट, पानांचा आकार वेगळा, कधी एका देठावर तीन पानं. माझ्या पहिल्या कलमावर अशी फूट आली तेव्हा मी तिला झाडाची जोमदार फांदी समजलो. दोन वर्षं तिला खत-पाणी दिलं, आधार बांधला. त्या काळात मूळ कलमाची फांदी रोडावत गेली आणि एका उन्हाळ्यात वाळली. उरला फक्त खुंट. ती फूट पहिल्याच आठवड्यात मुळाशी खुडली असती तर ते झाड आजही फळत असतं.

जोड ठीक असेल आणि फूट नसेल, तर कुंडी पाहा. फळणाऱ्या लिंबाला ४० ते ५० लिटरची कुंडी लागते. नत्राचं पातळ खत त्यालाही दर आठवड्याला घालत असाल तर थांबवा. आणि लिंबाला फुलायला थोडा ताण लागतो, थंडीचा किंवा पाण्याचा. वर्षभर एकसारखी ओल मिळाली की ते फक्त पालवत राहतं. थंडी संपताना पाणी हळूहळू कमी करा, पानं जरा मलूल होऊ लागेपर्यंतच, आणि मग कंपोस्ट घालून पुन्हा नेहमीसारखं सुरू करा. कुंडीतली माती मर्यादित असते, म्हणून ताण जास्त ओढू नका, झाड पानं टाकतं. पुढे फुलं आली आणि वाटाण्याएवढी फळं ढीगभर गळली तर घाबरू नका. लिंबू फुलतं त्यातली मोजकीच फळं शेवटपर्यंत धरतं, बाकीची स्वतःच सोडतं.

अपेक्षांचंही सांगून ठेवतो, कारण निराशा बरेचदा तिथून येते. १५ ते २० लिटरच्या कुंडीतलं टोमॅटोचं एक निरोगी झाड माझ्याकडे चांगल्या हंगामात दोन ते चार किलो देतं, वाईट हंगामात अर्धा किलोही नाही. सगळं नीट करूनही एखादा हंगाम वाया जातो: अवेळी उष्णतेची लाट येते, एका रात्रीत गारा पडतात, पक्षी आधी पोचतात. म्हणून मी एकाच गोष्टीवर सगळी जागा लावत नाही. तीन-चार कुंड्या टोमॅटोच्या, बाकीत मुळा आणि पालक. मुळा महिना-सव्वा महिन्यात हाताशी येतो, आणि मोठं पीक फसलं तरी बागेत जायला कारण राहतं.

या आठवड्यात तुम्ही दोनच गोष्टी करा. टोमॅटोची सर्वांत वाईट कुंडी उपडी करून ठोकळा मधोमध कापा, आणि लिंबाच्या बुंध्याशी बसून जोड शोधा. आत काय दिसलं, जोडाखालून फूट आहे का, आणि दोन्ही वर्षांच्या पेरणीच्या तारखा कळवा. छाटणी कुठे करायची ते त्यानंतर सांगतो, तोवर लिंबाला कात्री लावू नका.